देवघेवीच्या टेबलामागे

वाचनालयात सगळे त्यांना शिक्केवाल्या बाई म्हणत. पुस्तक परत करायच्या तारखेचा शिक्का त्या असा ठोकत, की वर अभ्यासाला बसलेली मुलं दचकत. देवघेवीच्या टेबलामागेच त्यांचा जन्म गेला. शिक्का मारताना तोंडही चालू असे. "हे मागच्या उन्हाळ्यात नेलं होतंत की! शेवटी नायक मरतो, विसरलात?" लोक चिडत, तरी रांगेत उभे राहत.

संगणकाशी त्यांचं वाकडं कधीच नव्हतं. कार्डांच्या खणांना कसर लागली, तेव्हा संगणक आणा म्हणून ग्रंथपालांच्या मागे लकडा लावणाऱ्या त्याच. म्हणून दाराशी नवं यंत्र आलं, तेव्हा त्यावरचं प्लास्टिकही त्यांनीच हौसेनं सोलून काढलं. कार्ड दाखवायचं, काचेवर पुस्तक ठेवायचं, की झालं काम.

"तुम्ही आता आरामात बसा, बाई," ग्रंथपाल म्हणाले. "यंत्र अडलं तरच उठायचं."

अडलं की तांबडा दिवा लागे आणि आतून गोड आवाज येई, "कृपया कर्मचाऱ्यांची मदत घ्या." पण ते सहसा अडत नसे. लोक कानात गाण्याची बोंडं घालून येत आणि बाईंकडे न बघता जात. एकदा संध्याकाळी शेजारणीला हाक मारायला गेल्या, तर बाईंचा घसा बसलेला. मग लक्षात आलं, सकाळपासून आपण बोललोच नाही.

नवरा गेल्यापासून घरातही तेच. मुलगी लांबच्या शहरात. ती म्हणाली, "आई, कामाच्या वेळात फोन नको गं करूस. मेसेज टाकत जा, मी सवडीनं बघते."

"मेसेजमध्ये काय लिहू? जेवले, झोपले?"

"तेच लिही की!"

बाईंनी लिहिलं, "जेवले." उत्तरादाखल एक अंगठा आला.

दर गुरुवारी मात्र दिवा हमखास लागे. टेलिफोनच्या खांबांवर चढण्यात हयात घालवलेले एक म्हातारे लाइनमन कार्ड उलटं धरून उभे असत. बाई उठून जात.

"काका, परत उलटं धरलंत."

"होय का? मला बाबा हे जमतच नाही."

कार्ड सरळ करायला क्षणभर लागे. पुढच्या गप्पांना मात्र बराच वेळ. कुठली कादंबरी फसली, कुठल्या लेखकाला आटोपतं घेता येत नाही, असं काहीबाही. एकदा बाई चहाला गेल्या आणि लवकर परतल्या. यंत्रापाशी लाइनमन एका अडखळणाऱ्या आजींना शिकवत होते, "बाणाची बाजू खाली, आजी. बघा, किती सोपं आहे!" बाई खांबाआड थांबल्या. पुढच्या गुरुवारी दिवा लागला, तेव्हा त्या नेहमीसारख्याच उठल्या. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

मग कंपनीचा माणूस आला. हे यंत्र दर गुरुवारी मदत मागतं, अशी नोंद त्यांच्याकडे गेली होती. त्यानं काय केलं कोण जाणे, कार्ड कसंही धरलं तरी चालू लागलं.

त्या गुरुवारी लाइनमननी कार्ड उलटं धरलं. यंत्रानं मुकाट्यानं पावती दिली. त्यांनी दिव्याकडे पाहिलं, मग बाईंकडे. बाई खुर्चीतून अर्धवट उठल्या होत्या. लाइनमननी पुस्तक काखेत मारलं आणि ते गेले. बाई पुन्हा टेकल्या. रात्रभर स्वतःवरच चिडचिड होत राहिली. यंत्र बिघडल्याशिवाय उठायचं नाही, असं आपल्याला कोणी बांधून घातलं होतं?

पुढच्या गुरुवारी ते पुस्तक घेऊन यंत्रापाशी येताच बाई उठल्या.

"बिघडलं नाहीये ते," लाइनमन घाईघाईनं म्हणाले.

"ठाऊक आहे. काय घेतलंत ते बघायला आले."

म्हातारबुवा चक्क लाजले. त्या दिवशी त्यांच्या गप्पा वाचनालय बंद होईपर्यंत चालल्या.

असे काही महिने बरे गेले. मग एके दिवशी लाइनमनची पुस्तकं घेऊन त्यांची पुतणी आली. काकांना तिनं आपल्या गावी नेलं होतं.

"टॅब घेऊन दिलाय त्यांना," ती म्हणाली. "हवी ती पुस्तकं त्यातच."

"वाचतात का?"

"वाचत असतील. विचारलं नाही कधी."

तिनं पुस्तकं काचेवर ठेवली. एकही अडलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाई ग्रंथपालांकडे गेल्या. "मला ती खुर्ची नको. पुस्तकं लावायची ढकलगाडी द्या."

"अहो, तुमचे गुडघे?"

"गुडघ्यांचं माझं मी बघते."

आता त्या कपाटांमधून गाडी ढकलत फिरतात. कोणी पुस्तक चाळत उभं असलं, की थांबून म्हणतात, "चांगलं आहे हो ते." बहुतेक जण कानातलं बोंड काढून विचारतात, "मला काही म्हणालात?"

"काही नाही," म्हणत बाई गाडी पुढे नेतात. क्वचित कोणी ते बोंड परत कानात घालत नाही, नुसतं बघत उभं राहतं. मग बाई गाडी भिंतीला लावतात आणि बोलायला लागतात.