चौथ्या कोपऱ्याचं वजन

नऊ वर्षांपूर्वी मी एका हवेच्या किल्ल्याचा चौथा कोपरा झाले होते. ऐकायला वेडेपणा वाटतो, आणि तो होताच.

मोठ्या नातीचा पाचवा वाढदिवस होता. लेकानं चिखलीहून जंपिंग भाड्यानं आणलं होतं. पंखा लावला की फुगून उभा राहतो आणि लेकरं आत उड्या मारतात, तो किल्ला. जंपिंगवाल्यानं विहिरीमागची हरळी पसंत केली. म्हणाला, "माय, गवतात मेखा पक्क्या बसतात. लेकरू पडलं तरी लागत नाही."

मी कसली ऐकते. सुनेच्या माहेरची माणसं येणार, त्यांना गवतात उभं करायचं? आणि आदल्या दिवशी कंबर मोडून खळं सारवलं ते कोणी पाहायचं? "खळ्यावर मांड," मी म्हटलं. तो मेख ठोकायला लागला तर त्याचा हात धरला. खळ्यात चपला घालून जायचं नाही, लोखंड ठोकायचं नाही, असं सासूबाईंनी शिकवलेलं. स्वतः सासू झाल्यापासून मला त्यांचं सगळंच फार आठवायचं.

मग दोऱ्या तुरीच्या पोत्यांना बांधल्या. तीन पोती भरलेली, चौथं अर्धं. त्या अर्ध्यावर मी पदर खोचून बसले.

"मंग उठू नका, माय," जंपिंगवाला म्हणाला.

मी उठले. सुनेनं विहीणबाईंना चहा कपबशीऐवजी स्टीलच्या पेल्यात दिला, एवढ्यासाठी. तेवढ्यात वारं आलं, माझा कोपरा उचलला गेला आणि नात कलंडून खळ्यावर पडली. वरून सारवण गुळगुळीत, पण खाली वर्षानुवर्षं चोपलेली जमीन, दगडच. मनगट मोडलं. चिखलीच्या दवाखान्यात प्लास्टर घालताना ती रडली नाही. एवढंच विचारलं, "आजी, तू उठली काऊन?"

हात जुळला. पण त्यानंतर कुठल्याही जत्रेत ती जंपिंगपाशी दुसऱ्यांच्या चपला सांभाळत उभी राहायची. "मले नाही आवडत," म्हणायची. घरात सगळ्यांना ते खरं वाटायचं. मला नाही.

यंदा धाकटी पाच वर्षांची झाली आणि तिनं जंपिंगच मागितलं. मी आठ दिवस आधीच विहिरीमागच्या हरळीत अनवाणी फिरायला लागले. बाभळीचे काटे वेचले, दोन दगड उपटले. वर विजेची तार नाही ना, ते पाहिलं. तांब्याभर पाणी ओतलं. ते कुठंही न पळता जागीच मुरलं, म्हणजे उतार नाही.

"माय, जमिनीशी सोयरीक जमवून राह्यली का?" लेकानं विचारलं.

"हाव. मागच्या वेळी न पाहता जमवली होती."

मोठी नात आता चौदाची. ती हसली नाही. माझ्याशेजारी बसून तळहातानं गवत चाचपू लागली, आणि मला न दिसलेला बांगडीचा तुकडा तिनं काढून माझ्या हातात ठेवला.

वाढदिवशी जंपिंगवाला दुसराच होता. त्यानं ताडपत्री अंथरली, मेखा तिरप्या ठोकल्या, वारं सुटलं तर आधी लेकरं उतरवीन म्हणाला. मोठी नात एकेक दोरी त्याच, मोडून जुळलेल्या हातानं ओढून पाहत फिरली. किल्ला फुगला, धाकटी आत धावली, आणि मी चौथ्या मेखेपाशी जाऊन बसले. कोणी सांगितलं नव्हतं. घरातून चहाची हाक आली, मी हलले नाही. दुसरी आली, तरी नाही. स्टीलचा पेला असो की वाटी, मला काय करायचं होतं.

मोठी किल्ल्याच्या तोंडाशी बराच वेळ उभी होती. मग तिनं चपला काढल्या, माझ्या मांडीवर ठेवल्या आणि आत गेली. आधी भिंत धरून चालली. मग एक लहानशी उडी. मग कितीतरी.

थोड्या वेळानं माझ्या कोपऱ्यावरून तिनं डोकं बाहेर काढलं. वेणी सुटलेली, धाप लागलेली.

"आजी, ऊठ आता. मेख पक्की हाय, मी पाह्यली. जाय, चहा पिऊन ये."