नानांच्या वांग्यांवर नानांचाच मंडप

नानांना श्रद्धांजली वाहायला नानांचीच बाग सपाट केली आपण.

आपण म्हणजे मीसुद्धा.
परवा कॉलनीतली मंडळी विचारायला आली, "वहिनी, नानांच्या बाराव्याचा, गंधमुक्तीचा मंडप ओपन स्पेसमध्ये टाकू ना?"
अशा कामाला नाही कसं म्हणायचं? मी हो म्हणाले. वाटलं, वाफे सोडून टाकतील. डोकं कुठे गेलं होतं माझं!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. नाना पाचोऱ्याकडचे शेतकरी. मुलाकडे पिंप्राळ्यात राहायला आले आणि ऑटिझम असलेल्या आमच्या चार पोरापोरींना त्याच ओपन स्पेसमध्ये बागकाम शिकवायला लागले.

माझी तनू एकोणीस वर्षांची. आधी एकाच रोपावर अख्खी बादली ओतायची. एका रोपाला एक डबा, मग पुढचं रोप. एवढं शिकायला तिला दीड वर्ष लागलं.

मी चिडायचे. नाना म्हणायचे, "घाई कोनले शे, माय?"

भरताच्या वांग्यांची अठरा रोपं होती. रोज सकाळी ती एकटी जाऊन पाणी घालायची. कुणी न सांगता केलेलं तिचं आयुष्यातलं पहिलं काम.

आज ती डबा-बादली घेऊन गेली, तर तिथे सतरंजी. वर खुर्च्या.

"चार वांगी तर होती, वहिनी. नवीन लावून देऊ," एक भाऊ म्हणाले.
अहो भाऊ, तिच्यासाठी नवीन म्हणजे पुन्हा दीड वर्ष!

तिकडे माइकवर नाना 'स्पेशल मुलांचे देवदूत' झाले होते. बोलणारा उभा होता वाफ्यावरच. नुसता संताप.

तनू रडली नाही.
पहिलं रोप जिथे होतं तिथे तिने सतरंजीवर डबाभर पाणी ओतलं. मग दुसऱ्या जागी. मग तिसऱ्या.
"अरे, धरा तिला!" लोक ओरडले. मीही लाजेने धावलेच.

सातव्या जागेवर एक पुढारी बसलेले. तनू त्यांच्यासमोर थांबली. माझी पोरगी परक्या माणसाशी आजवर एक शब्द बोललेली नव्हती.

"सरका," ती म्हणाली.

ते सरकले.

मी तिला धरलं नाही. अठरा जागा पूर्ण होईपर्यंत भाषण बंद होतं.

नाना, खूप राग येतोय तुमचा.
बारा दिवस अजून थांबला असता तर काय बिघडलं असतं हो? तिचं 'सरका' ऐकलं असतं तुम्ही.

उद्या मंडप निघाला की आम्ही माती उकरायला घेतो.
या आता, नाना.