कचऱ्याच्या गाडीआधीचा राजपुत्र

आमच्या ताइनानच्या गल्लीत, टोकाच्या जुन्या घरात पालिका कलाकारांना तीन-तीन महिने फुकट ठेवते. अट एकच, गल्लीतल्या लोकांना घेऊन काहीतरी करायचं. पहिला आला तो आमच्या शटरांचे फोटो काढून गेला. दुसरीने लाल दोरे टांगले, त्यात माझी स्कूटर अडकली. त्यामुळे तैपेईहून वेनचिंग आली तेव्हा माझ्या नाश्त्याच्या दुकानात तिला सोयादूध मिळालं, पण चांगला शब्द काही मिळाला नाही.

पोरगी रोज दार उघडं टाकून चहा मांडून बसायची. चिटपाखरू फिरकेना. शेवटी युएश्याताईलाच दया आली. युएश्याताई म्हणजे आमच्या गल्लीची फौजदारीण. सगळा जन्म चपलांच्या कारखान्यात गेला, आता संध्याकाळी कोपऱ्यावर उभी राहून कोणी कचरा नीट वेगळा केला नाही ते बघते.

"तू कचरा कुठे टाकतेस गं?"

"स्टेशनजवळच्या दुकानाच्या डब्यात, मावशी."

"मग कोण ओळखणार तुला? उद्यापासून आमच्यात येऊन उभी राहा. आणि तो चहा उचल आधी. लोकांना वाटतं विमा विकतेस."

खरंच आहे ते. लांबून कचऱ्याच्या गाडीचं गाणं ऐकू आलं की आख्खी गल्ली पिशव्या घेऊन धावते. गाडी थांबते न थांबते तोच निघते, आणि चुकली की माशांची डोकी घरात. म्हणून लोक आधीच येऊन उभे राहतात, आणि उभे राहिले की तोंडं सुटतात. वेनचिंगला आठवड्याभरात सगळ्यांच्या भानगडी कळल्या. त्यातच कळलं की लग्नाआधी युएश्याताई देवळांपुढच्या संगीत नाटकांत राजपुत्र व्हायची. इतक्या वर्षांचा शेजार, आणि मला पत्ता नाही! मला रागच आला तिचा.

सुनेने पुरुषाचा वेष करायचा नाही, असं सासूने बजावलं होतं, आणि ताईच्या नवऱ्याने, तिएनफादाजींनी, मान डोलावली होती. सासू गेली. दाजींची मान मात्र तशीच राहिली.

"मावशी, एकदा गा ना," वेनचिंग म्हणाली. "इथेच, गाडी यायच्या आधी."

ताई चक्क लाजली. नंतर माझ्या दुकानात येऊन बसली. "गावोगावच्या लोकांनी ऐकलं गं माझं. पण घरात गुणगुणले तरी हे उठून जातात. एकदा ह्यांनी ऐकावं, बस."

दाजींनी ऐकलं ते एवढंच, की ती गाणार आहे. भर गल्लीत म्हणाले, "सत्तरीची म्हातारी राजपुत्र होणार! गाडी आली की कुत्रंसुद्धा थांबायचं नाही तुझ्यापाशी."

"नाही थांबलं तर पुन्हा तोंड उघडणार नाही," ताई म्हणाली. तिच्या आवाजावरून मला कळलं, ती तसंच करील.

ठरल्या दिवशी ताई निळा झगा घालून, भुवया रंगवून कोपऱ्यावर आली. वेनचिंगने लाकडी टिपऱ्यांवर ताल धरला. दाजी पिशवी घेऊन आपल्या दारात उभे, तोंड दुसरीकडे. राजपुत्र लढाईला निघालाय आणि आईचा निरोप घेतोय, असा प्रसंग. सुरुवातीला ताईचा आवाज खरखरला, कोणीतरी फिसकन हसलं. मग तो मोकळा झाला. आमच्यावर रोज खेकसणारी बाई ती हीच, हे पटेना.

आणि गाडीचं गाणं ऐकू आलं.

खोटं कशाला सांगू, माझी मूठ पिशवीवर आवळली. फळवाला एक पाऊल पुढे गेला, त्याने ताईकडे पाहिलं, आणि पिशवी खाली ठेवली. मग मी ठेवली. मग सगळ्यांनीच. ताईने गाडी पाहिली आणि आवाज आणखी चढवला. गाडीमागचा माणूस ओरडला, "काय झालंय तुम्हाला? कचरा टाका की!" कोणी हललं नाही. गाडी दाजींच्या पुढ्यातून गेली. हात लांब केला असता तरी पिशवी आत पडली असती.

दाजी पिशवी धरून तसेच उभे राहिले, तोंड ताईकडे.

निरोप संपला. टाळ्या, शिट्ट्या, आणि सगळ्या गल्लीत माशांचा घमघमाट. कोणी नाक मुरडलं नाही. दाजी गर्दीतून वाट काढत पुढे आले.

"आईचा निरोप झाला," ते म्हणाले. "लढाईचं काय? ती म्हण की."

ताईने झग्याच्या बाहीने डोळे पुसले, भुवयांचा रंग गालांवर फासला गेला, आणि तिने लढाई सुरू केली.