डाव्या हाताने उघडणाऱ्या चाकूसाठी अर्धं नेदरलँड्स

चाकूला लावलेल्या चिठ्ठीवर किंमत होती चौसष्ट युरो. मला तो पडला तीन दिवस, एक छत्री, रेल्वेचा एक भुर्दंड आणि लेकीशी एक कडाक्याचं भांडण, एवढ्याला. रुपयांत विचारू नका, आमची ही हा ब्लॉग वाचते.

युरोपात जाऊन लोक ट्युलिप बघतात, मी चाकू बघत का फिरलो ते आधी सांगतो. भोसरीत माझा इलेक्ट्रिक पॅनल बनवायचा कारखाना आहे. त्याआधी मी दुसऱ्याच्या शेडमध्ये हेल्पर होतो आणि दत्तोबा तिथे वायरमन. वायर सोलायला मला त्यानेच शिकवलं. मी स्वतःची शेड टाकली तेव्हा पहिला माणूस म्हणून तोच आला. गेल्या वर्षी त्याला अर्धांगाचा झटका आला. आता चालतो, बोलतो, शिव्याही पूर्वीसारख्याच देतो, पण उजवी मूठ उघडत नाही. पठ्ठ्या डाव्या हाताने काम शिकला. अडलं ते खिशातल्या घडीच्या चाकूपाशी. तो एका हाताने उघडेना. जावयाने ऑनलाइन दोन मागवले. एकाची खीळ महिन्यात ढिली झाली, दुसरा काम करताना बोटावरच मिटला.

मी निघायच्या आठवड्यात दत्तोबा म्हणाला, "शेठ, दिवाळीपर्यंत करतो, मग घरी बसतो. दिवसातनं वीस वेळा 'जरा उघडून दे रे' म्हणायचं, जमत नाही आता."

"मजबूत आणि एका हाताने उघडणारा चाकू आणतो," मी म्हटलं. "तोवर घरी बसायचं नाव काढायचं नाही."

मृणाल, म्हणजे माझी लेक, अ‍ॅमस्टरडॅमला लागून असलेल्या अ‍ॅमस्टेलव्हीनला राहते. पोचलो त्या रात्रीच तिला कामाला लावलं. तिचा नवरा ऑफिसच्या कामाने परगावी होता. स्वयंपाकघरातून तिचं फोनवरचं बोलणं ऐकू आलं. "हो, चाकू. नाही रे, भाजीचा नाही. खिशातला. मला काय माहीत? बाबांना विचार." माझे कान तिखट आहेत, हे ती लग्नानंतर विसरली असावी.

सोमवारी सकाळी दहाला छत्री घेऊन निघालो. अवजारांचं दुकान बंद. शेजारचं कॅम्पिंगच्या सामानाचंही बंद. जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, इथली बरीच दुकानं सोमवारी दुपारपर्यंत उघडत नाहीत. परतताना वाऱ्याने छत्री उलटी करून तिच्या काड्या वेगळ्या केल्या. इथे छत्री आणू नका, टोपीचा रेनकोट आणा. दुपारी दुकान उघडलं, तर चाकू होते ते नखाने खाच धरून उघडायचे. म्हणजे दोन हात आलेच. मी स्वतःसाठीच एक घेऊ लागलो तर रोख पैसे चालत नाहीत म्हणे! खिशात पैसे असून गिऱ्हाईक परत पाठवणारा देश मी पहिल्यांदा पाहिला. चाकू नाहीच जमला म्हणा, पण अपमान तो अपमान.

घरी आलो तर मृणाल वाट बघत होती. "बाबा, चाकू घेतलात तरी इथे खिशात घालून फिरू नका. काही भागांत खेमेंटेची बंदी असते."

"कोणाची?"

"खेमेंटे. नगरपालिका."

"मी काय दरोडा घालणार आहे?"

"तुम्हाला माहितीये, मला माहितीये. पोलिसाला कसं कळणार? आणि तीस युरोत ऑनलाइन मिळेल, कशाला वणवण?"

इथे भांडण झालं. मी तिला ऐकवलं की तीस वर्षं खरेदी करतोय, वस्तू हातात घेतली की तिचा दोष मला कळतो, आजवर माझ्या हातून कारखान्यात एक चुकीचा स्क्रूसुद्धा आलेला नाही. आठ वर्षांची नात सोफ्यावरून म्हणाली, "आजोबा, यू आर शाउटिंग." मराठी सगळं कळतं तिला, उत्तर मात्र इंग्रजीत.

मंगळवारी मृणालचं रॉटरडॅमजवळच्या कापेल आन डेन आयसेल गावातल्या ऑफिसात काम होतं, तिच्यासोबत गेलो. आधी ट्रॅम, मग रॉटरडॅमपर्यंत रेल्वे, पुढे मेट्रो. वेगळं तिकीट काढावं लागत नाही, बँकेचं कार्ड चढताना मशीनला टेकवायचं, उतरतानाही टेकवायचं. दुसरा भाग मी रॉटरडॅमला विसरलो. वीस युरो गेले.

कापेलला ऑफिसं आणि घरं, बघायचं असं फार काही नाही, पण मेट्रोजवळच्या बाजारात गिर्यारोहणाच्या सामानाचं दुकान आहे. दुकानात माझ्याहून वीतभर उंच बाई होत्या. इंग्रजी स्वच्छ. मी उजवा हात पँटच्या खिशात घातला आणि डाव्याने एकेक चाकू उघडायला लागलो. लाकडी मुठीचा सुंदर होता, पण उघडल्यावर मानेभोवतीची कडी फिरवून तो पक्का करायचा. परत दोन हात. बटण दाबून उघडणारा आहे का विचारलं तर बाई म्हणाल्या, "तसला इथे कायद्यात बसत नाही. दोन्हीकडे धारेचाही नाही. हा कोणासाठी घेताय?"

दत्तोबाची सगळी हकिगत सांगितली. बाईंनी शांतपणे ऐकली.

"तो माणूस कुठे आहे?"

"भारतात."

"मग मी यातला एकही तुम्हाला विकणार नाही. हात त्याचा आहे, तुमचा नाही. त्याला दुकानात न्या."

मी म्हटलं, बाई, मी सात हजार किलोमीटरवरून आलोय. त्या म्हणाल्या, "हो, पण तो आलेला नाही." आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. धंदा करायची ही काय रीत आहे? बाहेर येऊन चार युरोची कॉफी प्यायलो, तीसुद्धा कोमट.

शनिवारी एनस्खेडे. माझा पुतण्या अनिकेत तिथल्या तांत्रिक विद्यापीठात धातूंवर संशोधन करतो. अ‍ॅमस्टरडॅमच्या दक्षिण स्टेशनवरून थेट गाडी आहे, दोन तास. मृणालने डब्यात धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी दिली, म्हणजे भांडण मिटलं होतं. गाडीत दत्तोबाला व्हिडिओ कॉल लावला, "शेठ, मिळाला का?" एवढं तो म्हणाला आणि समोरच्या आजीबाईंनी खिडकीवरच्या पाटीकडे बोट केलं. शांततेचा डबा होता. धपाटं चावायचाही आवाज होईल या धास्तीने दोन तास बसलो.

अनिकेतने स्टेशनवरच पोलादावर व्याख्यान सुरू केलं. "काका, यात कार्बन जास्त असला की धार टिकते, पण गंज..."

"अरे, मला चाकू घ्यायचाय, पीएचडी नाही."

शनिवारचा बाजार मोठा भरतो. गरम वाफल खा, मधे पाक असतो, जीभ भाजते. बाजाराच्या मागच्या गल्लीत एका म्हाताऱ्याचं चाकू-कात्र्यांचं दुकान. इथे मात्र जीव लागला. त्याने हिरव्या कापडावर एकापाठोपाठ एक अकरा चाकू मांडले. मी उजवा हात खिशात घालायचो, डाव्याने उघडायचो, पातं हलतंय का बघायचो, चाकूची पाठ काउंटरवर आपटून तो मिटत नाही ना याची खात्री करायचो. मग उजवा हात बाहेर काढून चाकू नीट मिटवायचा आणि कापडावर ठेवायचा. उघडा चाकू असा कुठे ठेवायचा नाही आणि हातात तर द्यायचाच नाही, हे आमच्या अंगात मुरलेलं आहे.

नववा चाकू बरोबर निघाला. पात्याला दोन्ही बाजूंनी अंगठ्याची गुंडी, काळी खरखरीत मूठ, आत पोलादी पत्ती. पातं उघडलं की ती टक्कन आडवी येते आणि त्याला मिटू देत नाही. अनिकेतने मोबाइलवर वेळ लावली, डाव्या हाताने दोन सेकंदांत उघडला. म्हातारा हसला. "भेट देणार? मग त्याच्याकडून एक नाणं घ्या. फुकट दिलेला चाकू मैत्री कापतो." मी म्हटलं, आमच्याकडे हातात दिला तर भांडण होतं. सबंध आठवड्यात एवढ्या एकाच विषयावर त्या देशाचं आणि माझं एकमत झालं.

येताना चाकू मोठ्या सामानात टाका, हातातल्या पिशवीत ठेवलात तर विमानतळावरच राहील.

घरी येऊन आता दोन आठवडे झाले. विचाराल तर नेदरलँड्समधलं काय उरलं? पाणी आणि रस्ता यांच्यात एका वितीचं अंतर ठेवून निवांत जगणारी माणसं उरली. आणि त्या कापेलच्या बाई. त्यांच्यावरचा राग मी बरेच दिवस जपला होता.

दत्तोबाला चाकू टेबलावर ठेवून दिला. त्याने डाव्या हाताने खिसा चाचपून रुपया काढला, माझ्यापुढे सरकवला आणि चाकू उचलला. अंगठ्याने गुंडी रेटली. टक्क. सगळी शेड बघत होती. त्याने वायरचा तुकडा मांडीखाली दाबून सोलला, तांब्याला ओरखडाही नाही. "शेठ, पातं भारी आहे," म्हणाला. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता म्हणून तसाच थांबला.

मग त्याने चाकू मिटवायला घेतला. ती आतली पत्ती उजव्या अंगठ्याने सरकवायच्या बेताने बसवलेली आहे. डाव्या हाताने ती बाजूला धरून पातं आत ढकलायचं, तर बोटं नेमकी धारेसमोर येतात. त्याने तीनदा प्रयत्न केला. मीही उजवा हात खिशात घालून केला. नाही जमलं.

दत्तोबा रोज कामावर येतो. चाकू तो एका हाताने उघडतो आणि दिवसातून वीस वेळा कुणाला तरी म्हणतो, "जरा मिटवून दे रे."