दोन भाषणांमधली पानं

शालन गेल्याचा फोन आला तेव्हा मी गोरेगावच्या मंडईत मेथीची जुडी निवडत होते. तिची मुलगी गौरी बोलत होती. "मावशी, आई गेली... चहा मागितला तिने, मी करून आणेपर्यंत..." मी पिशवी तिथेच ठेवून रिक्षात बसले. कांदिवलीला पोचले तर शालन झोपल्यासारखी दिसत होती, चष्मा मात्र डोळ्यांवरच. गौरीने तो काढला नव्हता. मलाही काढावासा वाटला नाही.

आमची ओळख मुलुंडच्या एका लहानशा प्रकाशन संस्थेत झाली. स्वातंत्र्याच्या आधीपासून राजकारणात असलेल्या, पुढे खेड्यापाड्यांत शाळा काढलेल्या एका मोठ्या माणसाचं समग्र वाङ्मय तिथे तयार होत होतं. त्यांचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. हा लेख शालनवर आहे. जुन्या साप्ताहिकांतून त्यांचे लेख, भाषणं शोधायची, उतरवून घ्यायची, तारखेनुसार लावायची, टिपा द्यायच्या, हे आमचं काम. मी सूची करायचे, शालन संपादन. मला सुरुवातीला ते काम म्हणजे मोठ्या माणसाच्या पुतळ्याची धूळ पुसण्यासारखं वाटे. शालनला तसं कधीच वाटलं नाही. एकदा डबा खाताना ती म्हणाली, "देश म्हणजे काय हे ह्या लोकांना आधीच ठाऊक होतं असं नाही गं. लिहिता लिहिता शोधत होते. म्हणून तर एवढं लिहावं लागलं."

शालनचे वडील मालवणकडचे, मुंबईत गिरणीत लागले. सही करायला शिकले तेही तिशी उलटल्यावर, शालनच्याच पाटीवर. गिरणी बंद पडली, कांदिवलीच्या दोन खोल्यांत संसार आला, पण मतदानाच्या दिवशी ते इस्त्रीचा सदरा घालूनच बाहेर पडत. मत देऊन येईपर्यंत चहासुद्धा घेत नसत. हे सांगताना शालन हसायची. "आई वैतागायची. चहा गार जाता, ह्येंका काय! आणि बाबा आपले रांगेत."

म्हणून ते भाषण तिच्याच हाती लागावं याचं मला आजही नवल वाटतं. साप्ताहिकाच्या एका फाटक्या अंकात ते सापडलं. त्या मोठ्या माणसाचं तरुण वयातलं भाषण. अक्षरओळख नसलेल्या माणसाला इतक्यात मताचा अधिकार देऊ नये, आधी शाळा, मग मत, असा त्याचा सगळा रोख. गिरणी कामगारांचा उल्लेखही होता, आणि तो चांगला नव्हता. शालनने ते दोनदा वाचलं आणि उतरवून घेतलं. त्याच माणसाचं उतारवयातलं एक भाषण आमच्याकडे आधीच होतं. त्यात त्यांनी, आपण तेव्हा चुकलो होतो, गावोगाव फिरल्यावर कळलं की माणसं मत देतादेताच शहाणी होतात, असं मोकळेपणाने कबूल केलं होतं. ते भाषण सगळ्यांना आवडायचं.

संस्थेच्या ज्येष्ठ विश्वस्तांना आम्ही अण्णा म्हणायचो. सज्जन माणूस. त्या नेत्याच्या शाळेत शिकलेले, उभं आयुष्य त्यांच्या कामाला वाहिलेलं. त्यांनी शालनला बोलावून घेतलं. मीही बरोबर गेले.

"सावंतबाई, हे वगळू या," अण्णा शालनला शांतपणे म्हणाले. "उद्या कुणीतरी हे एवढं एकच पान उचलेल आणि नाचवेल. तुम्हाला काळ माहीत आहे."

"तसं होईल, अण्णा."

"मग? शिवाय तुमच्या घरच्यांविषयीच लिहिलंय हे. तुम्हाला नाही वाईट वाटत?"

शालन म्हणाली, "वाटतं ना. माझ्या बाबांना मताचा अधिकार देऊ नये असं म्हणालेत ते. पण हे छापलं नाही, तर पुढे मी चुकलो असं जे म्हणतात, ते कशाबद्दल? वाचणाऱ्याला काय कळणार? बाबांसाठी एक मोठा माणूस बदलला, अण्णा. ते झाकायचं कशाला..."

अण्णांचे डोळे भरून आले, पण त्यांनी होकार दिला नाही. खंड त्या भाषणाशिवाय छापला गेला. शालनने संपादक म्हणून आपलं नाव काढून घ्यायला सांगितलं आणि नोकरी सोडली. मीही सोडते म्हटल्यावर मला म्हणाली, "वेडी आहेस का? सूची कोण करणार?"

पुढची बरीच वर्षं ती घरूनच इतरांची पुस्तकं तपासत राहिली. गौरी मोठी झाली, बँकेत लागली. शालनच्या तोंडून संस्थेबद्दल वावगा शब्द मी ऐकला नाही. अण्णा वारले तेव्हा ती माझ्याबरोबर मुलुंडला गेली, त्यांच्या पत्नीजवळ बराच वेळ हात धरून बसली.

गेल्या वर्षी संस्थेत नवी मंडळी आली. दुसऱ्या आवृत्तीचं ठरलं आणि ते भाषण घ्यायचंच, असं त्यांनी आपणहून म्हटलं. मी शालनला सांगायला धावत गेले. तेव्हा आजाराने तिचा आवाज खोल गेला होता. मला वाटलं, रडेल. ती म्हणाली, "दोन्ही भाषणं शेजारी शेजारी लावणार असतील ना?"

"हो. खाली टीपही देणार आहेत."

"नको. कळव त्यांना. तारखेप्रमाणे जे जिथलं आहे ते तिथेच राहू दे. मधली पानं वाचणाऱ्याला चालत ओलांडू देत... भाषण करणाऱ्यालाही तेवढं चालावं लागलं होतं."

शालनला जाऊन महिना उलटल्यावर मी तिच्या घरी दुसऱ्या आवृत्तीची प्रुफं घेऊन गेले. एकटीने तपासणं जमेना. गौरी म्हणाली, मी वाचते, तू मूळ प्रतीत बघ. खिडकीजवळच्या टेबलाशी आम्ही दोघी बसलो. ती एकसुरात वाचत होती, बँकेतला कागद वाचावा तशी. मग त्या भाषणाशी आली आणि तिचा आवाज हळूहळू कमी होत गेला.

"मावशी, हे आजोबांसारख्या लोकांबद्दल आहे ना?"

"हो."

"आणि आई ह्यासाठी नोकरी सोडून बसली?"

मी मान डोलावली आणि त्यांच्या उतारवयातल्या भाषणाचं तिला सांगितलं. गौरीने खालचा गठ्ठा चाळायला घेतला. "ते दुसरं भाषण कुठे आहे? आधी ते वाचू या."

"लांब आहे ते अजून," मी म्हटलं. "आजच्यात नाही यायचं."

तिने गठ्ठा पुन्हा नीट लावला, दोन्ही हातांनी टेबलावर ठोकून कडा सारख्या केल्या. अगदी शालन करायची तशा. आणि पुढचं पान वाचायला घेतलं.