बाईंचा राहिलेला पेपर

शाळेतून लांबलचक बिनपगारी रजा काढून बाई विद्यापीठात गणिताच्या एम.एस्सी.ला बसल्या. लग्नाच्या गडबडीत अर्धवट सुटलेलं गणित पन्नाशीच्या तोंडावर पूर्ण करायचं, एवढीच हौस. बढती नको होती, कुणाला काही दाखवूनही द्यायचं नव्हतं. त्यांचे यजमान चष्म्याचं दुकान चालवत. ते म्हणाले, "फळा दिसेल एवढी सोय मी करतो. पुढचं तुझं तू बघ."

ऑटोमाटाच्या, म्हणजे कागदावरच्या कल्पित यंत्रांच्या गणिताच्या, पहिल्या तासाला सर आत आले आणि बाई चपापल्या. हा मुलगा सातवीत त्यांच्याच वर्गात मागच्या बाकावर डुलक्या काढायचा. सगळे त्याला पेंगू म्हणायचे. सरांनीही त्यांना ओळखलं. हजेरी घेताना ते त्यांच्या नावाशी अडखळले आणि नुसतंच "बाई" म्हणाले. त्या दिवसापासून विशी-बाविशीतला तो सगळा वर्ग त्यांना बाईच म्हणू लागला.

सुरुवात झकास झाली. वर्तुळं काढायची, त्यांना बाणांनी जोडायचं. यंत्र एकेक अक्षर वाचत एका वर्तुळातून दुसऱ्यात जातं, आणि ठरलेल्या वर्तुळात येऊन थांबलं तर तो शब्द मान्य. बाई जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसत.

"हे काय, बसचे मार्ग आखतेस का?" यजमान विचारत.

"तसंच समजा," बाई मान वर न करता म्हणत.

मग पंपिंग लेमा नावाचं प्रमेय आलं. आधी काही क आणि मग तितकेच ख, असे शब्द हे यंत्र ओळखू शकत नाही, कारण क किती झाले ते लक्षात ठेवायला त्याच्याकडे जागाच नसते. हे बाईंना लगेच पटलं. पण सिद्ध करणं काही केल्या जमेना. तिथे नियम असा, की लांब शब्द आपण निवडायचा, पण त्याचे तुकडे कुठे पाडायचे ते समोरचा ठरवणार. त्याने कसेही पाडले तरी एक तुकडा पुन्हा पुन्हा लिहिला की शब्द बिघडतो, हे आपण दाखवायचं. बाई दर वेळी तुकडे स्वतःच पाडून मोकळ्या होत.

सरांनी त्यांना आपल्या खोलीत बोलावून समजावलं. "बाई, तोडणं तुमच्या हातात नाही."

"कळलं," बाई म्हणाल्या आणि लिहायला लागल्या. दुसऱ्याच ओळीत त्यांनी शब्द आपल्या सोयीने तोडला. सरांनी पुन्हा सांगितलं. बाईंनी पुन्हा तेच केलं.

"पेंगू, तू म्हणतोस ते मला कळतं रे. हात लिहायला लागला की कुठे जातं कुणास ठाऊक." मग त्या ओशाळल्या. "चुकले. सर म्हणायला हवं."

"असू द्या, बाई," सर म्हणाले. त्यांनी बाईंपुढे कोरा कागद सरकवला.

परीक्षेच्या पेपरांवर नाव नव्हतं, पण अक्षर होतं. फळ्यावरचं तेच टपोरं अक्षर पाहून सरांनी सातवीत आपलं अक्षर सुधारलं होतं. "समजा, मधला तुकडा कख आहे," अशी ओळ आली; शब्द पुन्हा बाईंनीच तोडला होता. सरांनी पेन खाली ठेवलं. पेपर पहिल्यापासून चाळला. कुठे अर्धा गुण सापडतो का ते पाहिलं. पुरेल इतकं काही सापडलं नाही.

बाकीचे सगळे पेपर सुटले, हा एक राहिला. सुट्टीभर सरांनी त्यांना शिकवलं. बाईंनी क-खची सिद्धता तोंडपाठ केली. फेरपरीक्षेत दोन्हीकडून सारखेच वाचले जाणारे शब्द आले, आणि बाईंनी पुन्हा स्वतःच तुकडे पाडले. बाहेर आल्या आल्या चूक त्यांच्या ध्यानात आली. त्या जिन्यातच बसून राहिल्या.

निकाल लागल्यावर सर त्यांना व्हरांड्यात भेटले. "मी शिकवण्यात कमी पडलो का, बाई?"

"नाही रे. तू छान शिकवलंस. मला आलं नाही. दोन्ही खरं आहे."

"पुन्हा बसा ना."

"रजा संपली."

"रजेचं काय, नुसतं परीक्षेला या."

"येईन की. पण येऊन काय वेगळं लिहीन, ते सांग."

सर बाईंबरोबर फाटकापर्यंत चालत गेले. बाई रिक्षात बसल्या. "वर्गात जा, मुलं वाट बघत असतील," एवढंच म्हणाल्या.

शाळा सुरू झाली. अजूनही एखाद्या रविवारी दुपारी बाई कोरा कागद घेऊन बसतात. यजमान दुकान बंद करून येतात, खांद्यावरून डोकावतात.

"जमलं?"

"नाही."

यजमानांना त्यातलं ओ की ठो कळत नाही. ते शेजारची खुर्ची ओढतात आणि बसून राहतात.