तिने डोळे मिटले नव्हते

तो सिनेमा विरारला जेमतेम आठवडाभर टिकला, आणि त्याचा मला अजून राग येतो. डोकं बाजूला ठेवून बघा, असं लोक एकमेकांना सांगत होते. अहो, डोकं बाजूला ठेवलंत म्हणूनच तर कळला नाही! विनोदी सिनेमा म्हटला की आपल्याकडे लोक अक्कल घरी ठेवून येतात आणि मग काही हाती लागलं नाही म्हणून कुरकुरतात. आता हे मी कोणत्या तोंडाने बोलते तेही सांगते, कारण सगळ्यात मोठा गाढवपणा माझाच होता.

गोष्ट साधी आहे. अर्नाळ्याच्या समुद्रात फार पूर्वी एक गलबत बुडालेलं असतं आणि त्यात चर्चची एक मोठी घंटा. ती शोधायला एक हॉटेलवाला मुंबईहून तीन अंतर्ज्ञानी आणतो. त्यातले एक गृहस्थ वस्तू हातात धरून तिच्या मालकाचा इतिहास सांगतात. त्यांच्या हातात गंजका नांगर दिला, तर ते तासभर मालकाच्या बायकोची गाऱ्हाणी सांगत बसतात. दुसऱ्या बाईंना हरवलेल्या जागा स्वप्नात दिसतात, पण पोट भरलेलं असेल तरच, म्हणून त्या सबंध सिनेमाभर जेवतात. तिसऱ्या मुलीशी मेलेली माणसं बोलतात. गलबतावरची माणसं तिच्याशी अगदी मनापासून बोलतात, पण पोर्तुगीजमधून, आणि तिला त्यातलं पाव आणि बटाटा एवढंच समजतं. मी इतकी हसले होते की शेजारच्या माणसाने माझ्याकडे वळून पाहिलं.

या तिघांना होडीतून फिरवणारी एक म्हातारी कोळीण असते. ती कमी बोलते, त्यांना जेवू घालते, त्यांना होडी लागली की पाठ चोळते. शेवटी वादळ तोंडावर येतं, तिघांचीही विद्या आटते, आणि ही म्हातारी कपाळावर आडवा हात धरून, डोळे बारीक करून उभी राहते. मग सुकाणू जरा वळवते आणि इथे नांगर टाका म्हणते. घंटा तिथेच सापडते.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी एका स्थानिक साप्ताहिकात अधूनमधून लिहिते. या सिनेमावरही लिहिलं. विनोदाचं कौतुक केलं आणि शेवटी फटकारलं. 'अर्धोन्मीलित नेत्रांच्या म्हातारीला दिव्यदृष्टी बहाल करून दिग्दर्शकाने अंधश्रद्धेलाच खतपाणी घातले आहे.' अर्धोन्मीलित! हा शब्द सुचला म्हणून मी त्या दिवशी स्वतःला चहा करून घेतला होता.

म्हातारीचं काम केलेली बाई खरोखरच अर्नाळ्याच्या किल्ल्यावर राहणारी होती. किल्ला बेटावर आहे आणि तिथे कोळ्यांची वस्ती आहे. ती रोज सकाळी होडीने अलीकडे यायची आणि आमच्या सोसायटीत दारोदार मासळी विकायची. दहा-बारा वर्षं आम्ही तिच्याकडून घेतोय. आम्ही सगळे तिला मावशी म्हणायचो. पडद्यावर दिसल्यावर पहिले पंधरा दिवस तिचं कौतुकच झालं, पोरांनी तिच्याबरोबर फोटो काढून घेतले. मग तिसऱ्या मजल्यावरच्या घरात हरवलेलं पैंजण शोधायला तिला बोलावलं. ती म्हणाली, पलंगाखाली बघितलं का? पैंजण पलंगाखाली निघालं. संपलं. त्यानंतर त्याच घरातल्या तान्ह्या बाळाला ती गोड आहे म्हणाली आणि बाळाला रात्री ताप आला.

पुढचं सांगायला मला लाज वाटते. बँकेत नोकरी करणारी, कॉलेजात शिकवणारी, साताऱ्या-रत्नागिरीहून येऊन इथे फ्लॅट घेतलेली ही आम्ही शिकलेली माणसं. कमिटीची बैठक झाली आणि मावशीला गेटच्या आत घ्यायचं नाही, असं वॉचमनला सांगण्यात आलं. आणि पुरावा म्हणून सेक्रेटरींनी नोटीस बोर्डावर काय लावावं? माझा लेख! 'दिव्यदृष्टी' या शब्दाखाली लाल पेनाने रेघ मारलेली. बाईंनीच लिहिलंय, त्या मास्तरीण होत्या, त्या उगाच नाही लिहिणार, असं त्यांनी मलाच ऐकवलं. अंधश्रद्धेविरुद्ध लिहिलेला माझा लेख एका बाईला चेटकीण ठरवायला वापरला गेला, आणि मी जिन्यात पिशवी घेऊन नुसती उभी होते.

मावशी गेटबाहेर रस्त्यावर पाटी घेऊन बसू लागली. तिचं गिऱ्हाईक निम्म्यावर आलं. आणि ज्यांनी हात वर करून ठराव केला होता, तीच माणसं दुपारी एकेकटी खाली उतरून तिला विचारायची, मुलाची बदली होईल का, चेन कुठे पडली. मी स्वतः पाहिलंय.

तिच्याकडे जायला मला आठवडा लागला. गेले, आणि वर तिलाच विचारलं की मावशी, असलं काम घ्यायला तुम्ही कबूल तरी कशा झालात. तिने बोंबील निवडता निवडता माझ्याकडे पाहिलं आणि कसलं काम म्हणून विचारलं. मी म्हटलं, अंगात आल्यासारखं करून जागा सांगायचं. ती आधी हसली. मग म्हणाली, दिग्दर्शकालाही सुरुवातीला तेच हवं होतं, डोळे मिटून थरथरायला सांगत होता. तिने त्याला ऐकवलं होतं, "डोले मिटल्यावर डोंगर दिसंल कसा?"

मला कळलं नाही. तेव्हा तिने मला रविवारी किल्ल्यावर बोलावलं आणि पुतण्याच्या होडीतून बेटाच्या पलीकडे नेलं. तिथे समुद्र सगळीकडे सारखाच दिसतो. तिने मला किनाऱ्याकडे तोंड करून उभं केलं. किल्ल्याचा बुरुज आणि त्याच्या मागे जीवदानीचा डोंगर एकावर एक आले की एक रेघ मिळते. बाजूला किनाऱ्यावरचा एकटा ताड आणि त्यामागचा चर्चचा मनोरा एकावर एक आले की दुसरी. दोन्ही रेघा जिथे जुळतात तिथे खाली खडक आहे, तिथे जाळं टाकलं तर फाटतं, गलबत आपटलं तर बुडतं. तिला भाऊ नव्हता, म्हणून बाप तिला नावेत घेऊन जायचा आणि असल्या जागा पाठ करून घ्यायचा. चुकली तर परत सगळ्या म्हणायला लावायचा. अशा चाळीसेक जागा तिला अजून येतात. मी आयुष्यभर मुलांना भूमिती शिकवली, आणि दोन रेषा छेदतात तो बिंदू मला पडद्यावर दिसला नव्हता.

घरी येऊन सिनेमा फोनवर पुन्हा पाहिला. सगळं होतं त्यात. हात कपाळावर उन्हासाठी. मग बुरुज आणि डोंगर, मग ताड आणि मनोरा, दोन्ही क्षणभर, स्वच्छ. तीन दिव्यज्ञानी हरतात आणि नुसती बघणारी एक बाई जिंकते, हाच तर सगळा विनोद! इतका हुशार सिनेमा आणि आम्ही सगळ्यांनी तो उलटा वाचला. मी साप्ताहिकाला खुलासा पाठवला. संपादकांनी जागा नाही म्हणून कळवलं.

मग मी कमिटीशी भांडले. सिनेमा सोसायटीच्या हॉलमध्ये दाखवायचा आणि मावशीला पुढच्या खुर्चीवर बसवायचं. हो म्हणेपर्यंत मी त्यांचा पिच्छा सोडला नाही. रविवारी संध्याकाळी हॉल भरला. लोक पोट धरून हसले. शेवटच्या प्रसंगाला मी सिनेमा थांबवला, शाळेतली लाकडी पट्टी घेऊन पडद्यापाशी गेले आणि दोन्ही रेघा दाखवल्या. तिच्या वडिलांनी तिला हे कसं शिकवलं तेही सांगितलं. सगळे माना डोलावत होते. मला वाटलं, जिंकले.

सेक्रेटरी उठले. म्हणाले, बाईंनी छान समजावून सांगितलं. पण कंपास नाही, मशीन नाही, भर समुद्रात एवढी अचूक जागा, ही दैवी देणगीच म्हणायची. टाळ्या पडल्या. तिसऱ्या मजल्यावरची बाई बाळाला घेऊन पुढे आली आणि मावशीच्या पायाशी वाकली. मावशीने पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

ती उठली तेव्हा मी दारापर्यंत तिच्याबरोबर गेले. माझं तोंड रागाने लाल झालं होतं, तिचं नव्हतं.

"भूत सांगतं म्हनलं तं यांना पटतं, देव सांगतो म्हनलं तं पन पटतं," ती म्हणाली. "बापानं पोरीला शिकवलं, त्ये काय कोनाला पटत नाय."

मावशीला गेटमधून केव्हाही आत सोडावं, असा ठराव त्याच आठवड्यात झाला आणि नोटीस बोर्डावर लागलाही. ती आली नाही. आता ती बाजारात बसते, आणि मासळी हवी असली की मी तिकडे जाते.